दीर्घ ऊ

अकोला, १२ जानेवारी २०२५

आत्या, जयभीम.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू मनानं रचतेस, म्हणून कागदावर लिहितोय. परवा मी "पेपर मंजूर झाला" म्हणालो, तर तू "कोणता पेपर फुटला?" म्हणून ओरडलीस. फुटला नाही. माझा शोधनिबंध दिल्लीच्या नियतकालिकानं घेतला. मे महिन्यात छापून येतोय.

तुला विषय माहीत आहे, तरी सांगतो, कारण तू शेजारणींना चुकीचं सांगत असशील. पूर्णाकाठची खारपाणपट्ट्यातली सहा गावं. विहिरीचं पाणी खारट, उन्हाळा आपला अकोल्याचा, आणि शेतावर राबणारी माणसं चाळिशीतच किडन्या घालवून माझ्या वॉर्डात येतात. येतात तेव्हा करण्यासारखं काही उरलेलं नसतं. सगळ्यांचं रक्त तपासायची सोय नाही. म्हणून मी चार साधे प्रश्न काढले. एकालाही "हो" म्हटलं की रक्त घ्यायचं. चारही "नाही" आले की माणूस घरी. आमच्या कॉलेजच्या मुली कागद घेऊन घरोघर फिरल्या, चारशे बारा माणसं विचारून झाली. जिल्ह्याच्या आरोग्य खात्याला ते इतकं आवडलं, की १ मेपासून ते चार प्रश्न कार्डावर छापून प्रत्येक आशा ताईच्या हातात देणार आहेत.

आणि २१ एप्रिलला प्राध्यापकपदाची मुलाखत. अकरा वर्षं सहयोगी म्हणून काढली गं. विभागप्रमुख सूर्यभान सर म्हणाले, "प्रीतम, या खेपेला तुला कोणी अडवत नाही."

ते प्रश्न तू तपासून दिले होतेस. निबंधात तुझं नाव आभारात घातलंय, "श्रीमती माया खंडारे, निवृत्त शिक्षिका, अमरावती". आता खूश?

तुझा
प्रीतम

*

अमरावती, २० जानेवारी २०२५

चि. प्रीतम,

पत्र मिळालं. "खूश" बरोबर लिहिलंस याचंच मला जास्त कौतुक. बाकी पत्रात चार ठिकाणी अनुस्वार खाल्ले आहेत, प्रत सोबत परत पाठवते, लाल शाईकडे नीट बघ. डॉक्टर झालास म्हणून काय झालं!

आभारात नाव घातलंस. मी ते पत्र दोनदा वाचलं आणि मग उगाच कपाट आवरत बसले. तुझ्या बापाला, श्रावणदादाला, हिवरखेडला पत्र टाकून कळवलं आहे, पण तो "बरं हाय" याच्यापुढे काही बोलणार नाही.

तुझा तो मूळ कागद आठवतो मला. चार प्रश्नांत सोळा चुका! "पायाले सूज येते का", "घरात कोनाले हा आजार हाय का". सरकारी कॉलेजचा डॉक्टर असा लिहितो? लोक म्हणाले असते, शिकला पण सुधारला नाही. उन्हाळ्याचं वाक्य तर धड वाक्यच नव्हतं. मी सगळं धुऊन, वाळवून, इस्त्री करून दिलं तुला. तू म्हणालास, गावच्या लोकांना त्यांच्याच भाषेत विचारायचं आहे. मी म्हटलं, गावच्या लोकांनीही जरा चांगली भाषा ऐकू दे.

मुलाखतीला निळा शर्ट घालू नकोस, त्यात तू कंपाउंडर दिसतोस. पांढरा घाल. मी २१ तारखेला अकोल्याला येणारच, मग कोणी काहीही म्हणो.

आत्या

*

अकोला, २८ मार्च २०२५

आत्या,

दोन महिने लिहिलं नाही. रागावू नकोस. आठ दिवसांपासून मला एका जागी बसवत नाही. ओपीडीत बसलो की वॉर्डात जावंसं वाटतं, वॉर्डात गेलो की काहून आलो ते आठवत नाही. हे पत्रही तीन तुकड्यांत लिहितोय.

गेल्या गुरुवारी एक बाई भरती झाली. चतुराबाई. वय सेहेचाळीस, मजुरी करते. तोंड सुजलेलं, धाप लागलेली. क्रिएटिनिन अकरा. म्हणजे किडन्या जवळजवळ संपल्याच. गाव विचारलं तर आमच्या सहा गावांतलंच. मी म्हटलं, ही सुटली कशी? जुन्या फाइली काढल्या. अर्ज क्रमांक ११८. चार प्रश्न, चारही "नाही". म्हणून तिचं रक्त घेतलंच नव्हतं.

मी खाटेजवळ बसलो आणि आपल्या भाषेत विचारलं, "माय, उन्हाळी लागे का तुले?"

"लागे ना बापा. दर चैतात. थेंब थेंब होये अन् आग आग. सहा-सात वर्सं झाले."

"मंग आमच्या पोरी आल्या होत्या तवा नाही काहून म्हटलं?"

"त्यायनं उन्हाळीचं कुठं इचारलं? त्यायनं इचारलं, ऊन लागते का. मले कशाचं ऊन लागते, सारी जिंदगी उन्हातच गेली."

आत्या, छापलेल्या कागदावर दुसरा प्रश्न आहे, "आपल्याला उन्हाळ्यात ऊन लागते का?" मी लिहिला होता, "उन्हाळी लागते का?" एक म्हणजे उष्माघात, दुसरी लघवीची आग. माझी अख्खी तपासणी त्या दुसऱ्या प्रश्नावर उभी होती, कारण किडनी बिघडायला लागली की सगळ्यात आधी तेच दिसतं. आणि मीच मुलींना दम दिला होता, कागदावर आहे तसंच वाचायचं, एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही. संशोधनाची शिस्त!

टायपिंगची चूक असावी. आमच्याकडे नत्थुजी टाइप करतात, मे महिन्यात निवृत्त होतात.

दोनशे एकेचाळीस माणसांना आम्ही चार "नाही" लिहून घरी पाठवलंय. त्यात अजून किती चतुराबाई आहेत मला माहीत नाही. आणि १ मेला हेच कार्ड जिल्हाभर जाणार.

निबंध मागे घ्यावा लागेल. घेतला तर २१ तारखेला मुलाखतीत मी काय तोंड दाखवू?

प्रीतम

*

अमरावती, ३ एप्रिल २०२५

चि. प्रीतम,

तुझं पत्र वाचलं. पण आधी शांत हो. जेवतोस का वेळेवर?

त्या नत्थुजीला डोळे आहेत की बटणं? टाइप करणाऱ्यानं समोरचा कागद बघून टाइप करायचं असतं, एवढी अक्कल नको? निवृत्तीला आला म्हणजे काम ढकलायचं? त्याला चांगलं फैलावर घे.

आणि निबंध मागेबिगे घेऊ नकोस इतक्यात. ऐक माझं. मुलाखत होऊ दे. प्राध्यापक झालास की तुझ्या शब्दाला वजन येईल, मग दुरुस्ती छाप, कार्ड बदल, काय हवं ते कर. अठरा दिवसांचा तर प्रश्न आहे. आपल्या माणसाला वर चढायला एक तर शिडी मिळते, ती आपल्याच हातानं काढून घेऊ नये. तुझी आई असती तर तिनंही हेच सांगितलं असतं.

त्या चतुराबाईचं काय? वाचेल ना?

आत्या

*

अकोला, ९ एप्रिल २०२५

आत्या,

चतुराबाई जिवंत आहे. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. दर खेपेला तिची सून घेऊन येते, एसटीनं, दोन तास जायला, दोन तास यायला. आता ते जन्मभर.

सूर्यभान सरही तुझ्यासारखंच बोलले. "मुलाखत होऊ दे, मग शुद्धिपत्रक छापू." वर म्हणाले, "चूक टायपिंगचीच आहे ना? मग कागदोपत्री तशी नोंद पाहिजे." मी मान डोलावली. मंगळवारी नत्थुजीच्या हातात मेमो पडला. एकतीस वर्षांच्या नोकरीत पहिला. तो माणूस माझ्या केबिनमध्ये आला, टेबलाची कड धरून उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, मी पाहून टाइप केलं होतं. दोनदा पाहून." मी म्हटलं, "बघू नत्थुजी." बघू! मी बघू म्हटलं, आत्या.

सकाळी राउंडला विद्यार्थी प्रश्न विचारतात आणि मला ऐकूच येत नाही, तुझा आजार मलाच जडला म्हण. काल एका पेशंटची नाडी बघायला हात धरला अन् मोजायचंच विसरून गेलो. निबंध मागे घ्यायचं पत्र लिहून ठेवलंय. पाठवत नाही. रोज उघडतो, एक वाक्य बदलतो, बंद करतो. १ मेच्या कार्डांची छपाई सुरू झाली म्हणे.

मला प्राध्यापक व्हायचंय गं. खोटं काहून बोलू? लई व्हायचंय. माझ्यामागून आलेले तिघं झाले.

जयंतीला तू हिवरखेडला जाशील तर दादांना यातलं काही सांगू नको.

प्रीतम

*

अमरावती, १४ एप्रिल २०२५

प्रीतम,

आज जयंती. खाली बँड वाजतोय, तो मला छातीत ऐकू येतो. मी हिवरखेडला गेले नाही. घरी बसून तुझी पत्रं पुन्हा वाचली.

तू लिहिलंस, छापलेल्या कागदावर "ऊन लागते का" आहे. मी ते वाक्य बोटानं वाचलं. मग मी छत्तीस वर्षं फळ्यावर जे शिकवलं तेच मला आठवलं. "उन्हाळी"तला उ ऱ्हस्व. "ऊन"मधला ऊ दीर्घ. टाइप करणारा माणूस घाईत अक्षरं गाळतो, काना विसरतो. नत्थुजीनं "उन्हाळी"तली अक्षरं गाळली असती तर मागे ऱ्हस्व उ राहिला असता. गाळता गाळता तो ऱ्हस्वाचा दीर्घ करत नाही. हे ज्यानं केलं त्याला शुद्धलेखन येत होतं.

पेटीतून तो जुना कागद काढला. मी दुरुस्त केलेल्याची कच्ची प्रत ठेवते, तुला माहीत आहे. लाल शाईनं "उन्हाळी" खोडलं आहे आणि वर सुरेख अक्षरात "ऊन" लिहिलं आहे. तो दीर्घ ऊ माझा आहे, प्रीतम. मला वाटलं, पोरगं घाईत भलतंच लिहून बसलं.

असं कसं झालं माझ्या हातून? मला तो शब्द माहीत नव्हता असं नाही. माझी आई दर उन्हाळ्यात धने भिजवून ते पाणी प्यायची, ते उन्हाळीसाठीच. मीच तो शब्द डोक्यातून खरवडून काढला होता. एकाहत्तर साली अमरावतीच्या होस्टेलात मी "मले भूक लागली" म्हटलं, तर सगळी पंगत हसली होती. आपल्याला हसायला लोकांकडे कारणं कमी नव्हती, त्यात ही भाषेची भर. त्या दिवसापासून ठरवलं, आपल्या घरातल्या कोणाच्या तोंडाला कोणी हसता कामा नये. तुलाही किती चापट्या मारल्या मी "मले"साठी.

आणि तू? चतुराबाई आली त्या पहिल्या दिवसापासून तुला माहीत होतं. मी दिलेला पक्का कागद तुझ्या फायलीत आहे, माझं अक्षर तुला कळत नाही होय? मले काहून नाही सांगतलं? लहान लेकरावानी जपून राहिला मले! अन् त्यापायी एका म्हाताऱ्या माणसाच्या हातात मेमो दिला. लाज नाही वाटली? माझी अब्रू वाचवायला दुसऱ्याची घेतलीस?

आजच्या आज ते पत्र पाठव. आज सुट्टी असेल तर उद्या सकाळी दहाला. मुलाखतीच्या आधी, नंतर नाही. माझं ३ तारखेचं पत्र फाडून टाक, ते एका हावऱ्या बाईनं लिहिलं होतं. नत्थुजीच्या साहेबांना दाखवायला मूळ कागद सोबत पाठवते आहे. आभारातलं माझं नाव काढ आणि चूक जिथं लिहायची तिथं घाल. दोनशे एकेचाळीस लोकांना पुन्हा विचारावं लागेल. मी येते.

आत्या

*

अकोला, २३ एप्रिल २०२५

आत्या,

तुझं पत्र १७ ला मिळालं. पण खरं सांगतो, निबंध मागे घ्यायचं पत्र मी १५ लाच पाठवलं होतं. तुझ्या पत्राची वाट पाहिली नाही. १४ ला कॉलेजच्या जयंतीच्या कार्यक्रमात भाषण करायला उभा राहिलो, समोर तिसऱ्या रांगेत नत्थुजी बसला होता, पांढरे कपडे इस्त्री करून. मी दोन मिनिटांत भाषण संपवलं.

दुसऱ्या दिवशी दिल्लीला पत्र गेलं, आरोग्य खात्यालाही गेलं, आणि सूर्यभान सरांना सांगितलं की मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, टायपिंगची चूक म्हणालो ते खोटं होतं. त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, "सहा दिवस थांबला असतास तर." रागावून नाही, खरंच वाईट वाटून म्हणाले.

कार्डं थांबली. मेमो मागे घेतला. नत्थुजी अजून माझ्याकडे बघत नाही. त्याचा हक्क आहे.

मुलाखत झाली. पहिलाच प्रश्न, "डॉक्टर, जो निबंध यादीत पहिला होता तो आता कुठे आहे?" मी सांगितलं. सगळं. शब्द कसा बदलला तेही. त्यातले एक साहेब हसले, "म्हणजे व्याकरणानं घात केला!" मी म्हटलं, "नाही सर. कागद माझ्याकडे परत आला, तेव्हा मी न वाचताच सही केली. आत्यानं पाहिलं म्हणजे बरोबरच असणार, असं धरून चाललो. चूक माझी आहे." आणि ती माझीच आहे. तुझं नाव मी कुठेही घालणार नाही. भांडायचं तर भांड.

जागा दुसऱ्याला गेली. काल कळलं. तुला वाटेल आता मला मोकळं मोकळं वाटत असेल. अजिबात नाही. चिडचिड होतेय, घरात सगळ्यांवर ओरडतोय, दोन रात्री झोप नाही. त्यात मुलींच्या परीक्षा लागल्या, पुन्हा विचारायला जायला माझ्याकडे एक माणूस नाही. चैत्र तर सरत आला. ही आग आत्ताच लागलेली असते लोकांना, जूनमध्ये विचारून काय उपयोग?

तू येऊ नको. चव्वेचाळीसवर पारा आहे, तुझं वय एकाहत्तर, आणि कानानं तू ठार.

प्रीतम

*

हिवरखेड, १८ मे २०२५

चि. प्रीतम,

मी येऊ नये हे तू लिहिलंस, ते मी वाचलं आणि पिशवी भरली. तीन आठवडे झाले श्रावणदादाकडे आहे. तुला कळवू नको असं त्याला बजावलं होतं. तो तसाही काही बोलत नाही, त्यामुळे जमलं.

काम असं चालतं. सकाळी सहाला ऑटो येतो. सोबत गीतांजली, इथली आशा ताई. प्रश्न मी विचारते, उत्तर ती ऐकते आणि लिहिते. माझा कान नाही, पण माणसाच्या तोंडाकडे बघितलं की हो का नाही ते मला कळतं, वर्गात साठ पोरं बघितली आहेत. दहा वाजता परत. माझी काळजी करू नकोस, डोक्याला ओला पंचा बांधते. चांगली बावळट दिसते.

पहिल्या दिवशी मला तो शब्द तोंडातून काढता येईना. खरंच सांगते. पन्नास वर्षांची सवय. एका दारात उभी राहिले आणि म्हटलं, "लघवीला जळजळ होते का?" घरातली माणसं जमिनीकडे बघायला लागली, बाई आत निघून गेली. गीतांजली म्हणाली, "म्याडम, असं नका इचारू, आपल्यावानी इचारा." मग पुढच्या दारात मी विचारलं, "काहो माय, उन्हाळी लागते का?" ती म्हातारी माझ्या हाताला धरून ओट्यावर बसवूनच सांगायला लागली. एवढं बोलली, एवढं बोलली!

दोनशे एकेचाळीसपैकी दोनशे सहा सापडले. त्र्याहत्तर जणांनी हो म्हटलं. याद्या सोबत आहेत, गावाप्रमाणे. चौघं आता नाहीत. कशानं गेले ते घरच्यांना नक्की सांगता येत नाही. त्यांची नावं मी वेगळ्या कागदावर लिहिली आहेत, तो कागद माझ्याकडेच ठेवते.

चतुराबाईकडे काल गेले. मुद्दाम शेवटी ठेवली होती. तिच्या खाटेजवळ बसून सांगितलं, तो शब्द मी बदलला होता. मला वाटलं, शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "बाई, मले वाटलंच होतं की हे काही वेगळंच इचारून राहिले. पण तुमी शिकेल लोक. मी म्हटलं, त्यायले जे पाह्यजे तेच इचारत असन."

याचं उत्तर तुझ्याकडे असलं तर सांग.

तिची सून चहा घेऊन आली. सुलभा नाव. वय तीस. तिचं नाव आपल्या चारशे बारांत नाही, कारण तेव्हा ती शेतात होती. मी कपाला हात लावला नाही. आधी विचारलं. ती सासूकडे बघत राहिली, मग मानेनं हो म्हणाली. गीतांजलीनं विचारलं कधीपासून, तर तीन उन्हाळे. सासूला घेऊन आठवड्यातून दोनदा तुझ्या वॉर्डाच्या बाहेर बसते ही, प्रीतम. दोन महिने झाले. तुझ्या समोरून जाते.

"डॉक्टरले काहून नाही सांगतलं?" मी विचारलं.

"मले कोणी इचारलंच नाही," म्हणाली.

हे पत्र अकोल्याच्या एसटीच्या कंडक्टरच्या हाती देते, आजच मिळेल. उद्या सोमवारी सकाळच्या पहिल्या एसटीनं तिला घेऊन येतो आमी. गेटवर उभा राहा. दोघींना चहापाणी नंतर, आधी तिचं रक्त घे.

माया आत्या